सायकोसिसमध्ये बोलणं कसं बदलतं, आणि त्याच्या संशोधनाला अहिराणी का हवी

घरच्यांच्या लक्षात बहुतेक वेळा आधी येतं ते बोलणं. मुलगा बोलतो, शब्द सगळे ओळखीचे असतात, पण त्याला काय म्हणायचंय ते हाती लागत नाही. कधी उलटं होतं. दिवाळीला पारावर तासन् तास गप्पा मारणारा पोरगा होळीपर्यंत 'हो', 'नाही', 'माहीत नाही' एवढ्यावर आलेला असतो. "मना आंडोर पयले असा नव्हता," म्हणजे माझा मुलगा आधी असा नव्हता, असं आई खानदेशच्या अहिराणी बोलीत डॉक्टरांना सांगते, आणि 'असा' म्हणजे कसा हे तिला नीट सांगता येत नाही. झोप उडाली, जेवण कमी झालं, हे सांगायला सोपं असतं. बोलणं बदललं हे जाणवतं, पण ते बोटानं दाखवता येत नाही.

ते बोटानं दाखवता यावं यासाठी जगभरची माणसं शंभराहून जास्त वर्षं धडपडतायत. गेल्या पंधरा-वीस वर्षांत या कामात कॉम्प्युटर आला. अलीकडे वेगवेगळ्या देशांतले मनोविकारतज्ज्ञ, भाषाशास्त्रज्ञ आणि संगणकतज्ज्ञ यासाठी एकत्र येऊ लागलेत. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या वाचकांसाठी हे लिहावंसं वाटलं, कारण हे संशोधन आज ज्या प्रश्नापाशी अडलंय तो आपल्या रोजच्या जगण्यातला आहे. माणूस कुठल्या बोलीत बोलतोय, आणि ऐकणाऱ्याला ती बोली येते का?

आजार आणि त्यातलं बोलणं

बाहेर घडणारं काय आणि आपल्या मनात उमटणारं काय, यातली सीमा पुसली जाते तेव्हा त्या अवस्थेला सायकोसिस म्हणतात. कुणीच नसताना आवाज ऐकू येतात, याला भास म्हणतात. शेजारी, पोलीस, टीव्हीवरची माणसं आपल्याविरुद्ध काही रचतायत अशी पक्की खात्री वाटते, हा भ्रम. स्किझोफ्रेनियात हे होतं, पण फक्त त्यातच होतं असं नाही. मॅनियात (म्हणजे बेभान, अति उत्साहाच्या अवस्थेत), तीव्र नैराश्यात, बाळंतपणानंतरच्या दिवसांत, गांजा-दारूमुळे, कधी फिट्सच्या किंवा थायरॉईडच्या आजारातही होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं जगात सुमारे २ कोटी ४० लाख लोकांना स्किझोफ्रेनिया आहे, म्हणजे साधारण ३०० माणसांमागे एक. ही सरासरी धरली तर तीन हजार वस्तीच्या गावात अशी दहाएक माणसं निघतील.

निदानाच्या निकषांत बोलण्याला मोठी जागा आहे. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१३ मध्ये काढलेल्या डीएसएम-५ या नियमावलीत स्किझोफ्रेनियाची पाच मुख्य लक्षणं आहेत. त्यातली किमान दोन असावी लागतात, आणि त्या दोनपैकी एक तरी भ्रम, भास किंवा विस्कळीत बोलणं यांपैकी असावं लागतं.

इथेच एक सावधगिरी. बोलणं तासाभरात अचानक बिघडलं, तोंड वाकडं झालं, एक हात लुळा पडला, तर तो लकवा असू शकतो. कडक तापात माणूस असंबद्ध बोलू लागला तर मेंदूला सूज आलेली असू शकते. दोन्हींत वेळ न घालवता दवाखाना गाठावा. सायकोसिसमधलं बोलणं सहसा दिवसांत, आठवड्यांत, महिन्यांत बदलत जातं.

ते कसं बदलतं? समजण्यासाठी मी एक उत्तर रचलंय. हे कुणा पेशंटचं नाही. प्रश्न साधा होता, "आज सकाळी काय केलं?"

"सकाळी उठलो, नळाला पाणी आलं होतं. पाणी तापीचं. तापीवर पूल आहे, पुलावरून गाड्या भुसावळकडं जातात. भुसावळला केळी भरतात, केळी दिल्लीला जाते. दिल्लीत सरकार बसतं, त्यांना सगळं कळतं."

प्रत्येक वाक्य आधीच्या वाक्याला धरून आहे. पाण्यावरून तापी, तापीवरून पूल, पुलावरून गाड्या. कुठेही एकदम उडी नाही. तरी सहा पावलांत आपण सकाळपासून दिल्लीपर्यंत आलो, आणि सकाळी काय केलं हे शेवटपर्यंत कळलं नाही. याला डिरेलमेंट म्हणतात. थोडं बोलणं भरकटणं आपल्या सगळ्यांचंच असतं. ओट्यावर बसलेल्या आबांना एक विचारलं तर ते पाच सांगतात. पण "आबा, मग पुढं?" म्हटलं की ते मूळ गोष्टीवर येतात. आजारात हे परत येणं जमत नाही.

दुसरा प्रकार कमी बोलण्याचा. उत्तरं एका शब्दावर येतात, प्रश्न आणि उत्तर यांच्यामध्ये मोठा खंड पडतो, आवाजातला चढउतार सपाट होतो. घरच्यांना हा आळस किंवा माज वाटतो. भ्रम-भास औषधांनी ओसरले तरी हे कमी बोलणं पुष्कळदा मागे राहतं, आणि लग्न, नोकरी, मैत्री यांत माणूस मागे पडतो तो जास्त करून याच्यामुळे. माझ्या मते या प्रकाराकडे जितकं लक्ष द्यायला हवं तितकं अजून दिलं जात नाही, कारण गप्प माणसाचा कुणाला त्रास होत नाही.

आणखी एक बारीक गोष्ट. "त्यानं त्याला सांगितलं, मग तो तिथं गेला आणि त्यानं ते दिलं नाही." कोण, कुणाला, कुठं, काय? आपण बोलताना ऐकणाऱ्याला काय माहीत आहे याचा अंदाज मनात धरून 'तो', 'ते', 'तिथं' वापरतो. सायकोसिसमध्ये हा अंदाज चुकायला लागतो. शब्द बरोबर, व्याकरण बरोबर, तरी ऐकणारा वाटेत हरवतो.

कानानं ऐकण्यापासून मोजण्यापर्यंत

जर्मनीचे एमिल क्रेपेलिन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या आजाराचं वर्णन केलं, तेव्हाच पेशंटच्या बोलण्यातला गोंधळ नोंदवून ठेवला होता. स्वित्झर्लंडचे ऑयगेन ब्लॉयलर यांनी 'स्किझोफ्रेनिया' हे नाव दिलं, आणि १९११ च्या ग्रंथात विचारांमधले दुवे सैल होणं हे आजाराच्या मुळाशी आहे असं मांडलं. पण दुवे सैल म्हणजे किती सैल? एका डॉक्टरला जे विस्कळीत वाटे ते दुसऱ्याला ठीक वाटे.

१९७९ मध्ये अमेरिकेच्या नॅन्सी अँड्रियासन यांनी याला शिस्त लावली. मनोविकारतज्ज्ञ होण्याआधी त्या इंग्रजी साहित्य शिकवत, त्यामुळे वाक्य कुठं मोडतं हे पाहायची त्यांना सवय होती. त्यांनी बोलण्यातल्या बिघाडाचे अठरा प्रकार केले, प्रत्येकाची व्याख्या दिली आणि गुण द्यायची पद्धत बसवली. त्यांच्याच अभ्यासातून एक समजूत मोडली. विस्कळीत बोलणं म्हणजे स्किझोफ्रेनियाच, असं नसतं. मॅनियाच्या पेशंटांतही ते भरपूर सापडतं. म्हणून नुसत्या बोलण्यावरून आजाराचं नाव ठरवायचं नसतं, हे तेव्हापासून पक्कं झालं.

पण अठरा प्रकारांचे गुण द्यायला शिकलेला माणूस आणि वेळ लागतो. सरकारी ओपीडीत एका पेशंटला किती मिनिटं मिळतात हे आपल्याला माहीत आहे. म्हणून कॉम्प्युटरची मदत घ्यायचा विचार पुढे आला.

कॉम्प्युटरला अर्थ कळत नाही, मग त्याला असंबद्धता कशी कळणार? त्यासाठी शब्दांचं एक गाव कल्पा. लाखो पानं मजकूर वाचून कॉम्प्युटर बघतो की कुठला शब्द कुणाच्या संगतीत येतो, आणि ज्यांची ऊठबस एकत्र त्यांची घरं तो शेजारीशेजारी बांधतो. 'विहीर', 'मोट', 'पाणी' एका गल्लीत, 'लग्न', 'हळद', 'वरात' दुसऱ्या गल्लीत. आता माणूस बोलू लागला की एका वाक्याचं घर आणि पुढच्या वाक्याचं घर यांत किती अंतर आहे, हे आकड्यात मोजता येतं. अंतर पुन्हा पुन्हा मोठं निघालं तर बोलणं तुटक. ब्रिटा एल्वेवॉग आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये स्किझोफ्रेनियाच्या पेशंटांवर ही पद्धत वापरून दाखवली. त्यांनी आणखी एक हुशारी केली. नुसतं शेजारच्या वाक्याशी अंतर न बघता, उत्तर जसजसं पुढं जातं तसतसं ते मूळ प्रश्नापासून किती लांब सरकतं हेही मोजलं. आपल्या तापीच्या उत्तरात शेजारच्या वाक्यांमधलं अंतर थोडंच निघेल. बिघाड पकडेल तो हा दुसरा आकडा.

ब्राझीलमधल्या नतालिया मोता आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये वेगळाच मार्ग धरला. त्यांनी अर्थ बाजूला ठेवला. प्रत्येक शब्द एक ठिपका, एका शब्दानंतर दुसरा आला की दोघांमध्ये बाण. माणूस बोलत गेला की कागदावर जाळं तयार होतं. नीट गोष्ट सांगणारा माणूस फिरून फिरून त्याच पात्रांकडे, त्याच ठिकाणांकडे येतो, म्हणून त्याचं जाळं दाट गुंफलेलं दिसतं. स्किझोफ्रेनियात ते विरळ होतं, आणि मॅनियाचं जाळं या दोन्हींहून वेगळं दिसतं. २०१४ मध्ये त्यांनी दाखवलं की रोजच्या दिवसाची हकिगत विचारण्यापेक्षा पडलेलं स्वप्न सांगायला लावलं तर हा फरक जास्त स्पष्ट होतो. कारण समजण्यासारखं आहे. दिवसाची हकिगत ठरलेल्या क्रमानं येते, स्वप्नाची जुळणी ज्याची त्यालाच करावी लागते.

चौतीस जण

मग आला तो अभ्यास, ज्याची जगभर बातमी झाली. २०१५ मध्ये गिलिंडर बेदी, शेरिल कॉर्कोरन, आयबीएमचे गिएर्मो सेची आणि सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कमधल्या तरुणांच्या मुलाखती तपासल्या. या मुलांना आजार झाला नव्हता, पण सौम्य चिन्हं दिसत होती. वाक्यांमधला दुवा, वाक्यांची लांबी आणि जोडवाक्य बांधायला लागणारे काही छोटे शब्द, एवढ्यावरून पुढच्या अडीच वर्षांत कुणाला सायकोसिस होईल हे कॉम्प्युटरनं शंभर टक्के अचूक ओळखलं.

शंभर टक्के ऐकून कुणीही थक्क होईल. पण त्या अभ्यासात मुलं होती ३४, आणि त्यातली आजारी पडली ५. इतक्या थोड्या माणसांत बोलण्याच्या अनेक गोष्टी मोजल्या, तर त्यातल्या काही केवळ योगायोगानंही पाचांना बाकीच्यांपासून वेगळं काढू शकतात. हे खुद्द संशोधकांनाही माहीत होतं. म्हणून २०१८ मध्ये त्याच गटानं लॉस एंजेलिसमधल्या मुलाखती घेऊन नवीन मापन बसवलं. तिथं अचूकता ८३ टक्के निघाली, आणि तेच मापन न्यूयॉर्कच्या मुलांना लावलं तेव्हा ७९ टक्के. शंभरावरून आकडा खाली आला याला मी अपयश मानत नाही. दुसऱ्या शहरातल्या माणसांवर टिकलेला ७९ हा आधीच्या शंभरापेक्षा जास्त खरा आहे.

आवाजाचं मोजमाप करणाऱ्यांना याहून मोठा धक्का बसला. डेन्मार्कच्या आर्हुस विद्यापीठातल्या आल्बेर्तो पारोला आणि रिकार्दो फुसारोली यांच्या गटानं जुने अभ्यास एकत्र करून २०२० मध्ये दाखवलं, की स्किझोफ्रेनियात खंड वाढतात आणि बोलण्याचा वेग उतरतो हे बऱ्यापैकी टिकतं. मग त्यांनी डॅनिश, जर्मन, चिनी, जपानी अशा भाषांतली ध्वनिमुद्रणं घेतली. एका भाषेवर शिकवलेली यंत्रणा दुसऱ्या भाषेवर लावली तर ती ढेपाळली. डॅनिश पेशंटला बरोबर ओळखणारं गणित चिनी पेशंटसमोर आंधळं ठरलं.

इथं या संशोधनाला कळून चुकलं की एकेकट्या प्रयोगशाळेचं हे काम नाही. एका शहरात सुरुवातीच्या टप्प्यावरचे पुरेसे पेशंट मिळत नाहीत. एका देशात पुरेशा भाषा नसतात. आणि प्रत्येकानं वेगळे प्रश्न विचारले तर उत्तरांची तुलनाच होत नाही.

सगळ्यांनी एकच विचारायचं

मनोविकारांच्या संशोधनात देशांनी एकत्र यायची परंपरा जुनी आहे, आणि भारत तिच्यात सुरुवातीपासून आहे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस जागतिक आरोग्य संघटनेनं नऊ देशांत स्किझोफ्रेनियाचा अभ्यास सुरू केला, तेव्हा लंडन, मॉस्को, वॉशिंग्टनच्या बरोबरीनं आपलं आग्राही केंद्र होतं. सगळीकडे एकच मुलाखत, स्थानिक भाषेत उतरवून. त्यातून आणि पुढच्या पाठपुराव्यातून आलेला निष्कर्ष अजून चर्चेत असतो: भारत आणि नायजेरियासारख्या देशांतले पेशंट श्रीमंत देशांतल्या पेशंटांपेक्षा बरे सावरत होते.

बोलण्याच्या अभ्यासासाठी आज असंच जाळं उभं राहिलंय, त्याचं नाव 'डिस्कोर्स इन सायकोसिस'. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातले लेना पलनिअप्पन हे त्यामागच्या प्रमुखांपैकी एक. सगळीकडे पेशंटकडून सारख्याच पद्धतीनं बोलणं घ्यायचं, ही त्यातली मुख्य कल्पना. थोड्या मोकळ्या गप्पा, चित्र बघून वर्णन, गोष्ट रचून सांगणं, स्वप्न, वाचलेलं आठवून सांगणं असे प्रकार त्यात येतात. ही ध्वनिमुद्रणं ठेवण्यासाठी अमेरिकेच्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या ब्रायन मॅकविनी यांच्या 'टॉकबँक'मध्ये 'सायकोसिसबँक' नावाचा विभाग आहे. टॉकबँकची सुरुवात १९८४ मध्ये लहान मुलांच्या बोलण्याच्या संग्रहापासून झाली होती. शिवाय २०२० मध्ये अमेरिकेनं सुरू केलेल्या एका मोठ्या बहुदेशी प्रकल्पात धोक्याच्या टप्प्यावरची तरुण मुलं मोबाईलवर स्वतःच्या आवाजात रोजनिशी ठेवतात.

सगळ्यांना एकच मजकूर द्यायचा ही युक्ती खानदेशानं शंभर वर्षांपूर्वी पाहिलीय. जॉर्ज ग्रिअर्सन यांनी भारतीय भाषांची पाहणी केली तेव्हा गावोगावच्या बोलींत बायबलमधली घर सोडून गेलेल्या मुलाची एकच गोष्ट उतरवून मागवली, म्हणजे बोली शेजारीशेजारी ठेवून बघता येतील. भिल्ल भाषा आणि खानदेशी यांचा खंड १९०७ मध्ये निघाला. त्याच वेळी ते प्रत्येक ठिकाणाहून तिथल्या माणसानं आपल्या मनानं सांगितलेला एखादा मजकूरही मागवत. एक सगळ्यांना सारखं, एक ज्याचं त्याचं. सायकोसिसच्या आजच्या अभ्यासालाही या दोन्हींची गरज आहे, आणि दुसऱ्याकडे दुर्लक्ष झालं की काय होतं ते खानदेशात उभं राहून चांगलं दिसतं.

आपल्याकडे हे गणित कुठं चुकेल

समजा, प्रमाण मराठीवर शिकवलेली यंत्रणा उद्या नंदुरबारला आणली. 'घरमा' (घरात), 'माले' (मला), 'शे' (आहे) हे तिनं कधी ऐकलेलंच नाही. बोलणं लिहून काढणारा प्रोग्राम तिथं भलतेच शब्द टाकेल. ते भलते शब्द वाक्याचा दुवा तोडतील, आणि गणित सांगेल की पेशंट असंबद्ध बोलतोय. किंवा न समजलेला शब्द पेशंटनं स्वतः घडवलाय असं धरलं जाईल, आणि नवे शब्द घडवणं हे तर अँड्रियासन यांच्या यादीतलं लक्षण. २०११ च्या जनगणनेत खानदेशी भाषा बोलणारे (अहिराणी त्यातच मोजली जाते) १८ लाखांवर होते, भिली गटाच्या भाषा बोलणारे देशात एक कोटीहून जास्त. या लोकांच्या निरोगी बोलण्याचा नमुनाच यंत्रणेजवळ नसेल तर ती आजार ओळखणार कशाच्या तुलनेत?

प्रमाण मराठीतसुद्धा इंग्रजीवर बेतलेली मापं सरळ लागत नाहीत. 'चहाबिहा', 'पाणीबिणी' आपण दिवसभर बोलतो. 'हळूहळू', 'घरोघरी', 'बघता बघता' हे तर वाक्याचं सौंदर्य. ठिपके आणि बाणांच्या जाळ्यात यातलं काही एकच शब्द पुन्हा पुन्हा येण्यासारखं दिसू शकतं. इंग्रजीत कर्ता गाळता येत नाही, म्हणून 'तो', 'ती', 'मी' मोजून काही कळतं. आपण म्हणतो, "बाजारात गेली होती, आली नाही अजून." सर्वनाम एकही नाही, तरी बाई गेली हे क्रियापदावरून कळलं.

शिक्षणाचाही प्रश्न आहे. मोता यांच्याच पुढच्या कामातून दिसलं की शाळा शिकलेल्यांच्या बोलण्याचं जाळं जास्त गुंफलेलं होत जातं. २०११ मध्ये नंदुरबार जिल्ह्यात साक्षरता ६४ टक्के होती, राज्यात सगळ्यांत कमी. अक्राणीच्या डोंगरातल्या न शिकलेल्या आजीची तुलना पुण्यातल्या पदवीधराशी केली तर आजी विनाकारण आजारी ठरेल. तिची तुलना तिच्याच पाड्यावरच्या, तिच्याच वयाच्या, तेवढंच शिकलेल्या बाईशी व्हायला हवी.

चित्राचं उदाहरण घ्या. बोलण्याच्या तपासणीत जगभर एक जुनं अमेरिकन चित्र फार वापरलं जातं. स्वयंपाकघरात बाई भांडी पुसतेय, सिंक भरून पाणी वाहतंय, मागे मुलगा स्टुलावर चढून डब्यातली बिस्किटं काढतोय आणि स्टूल कलंडतंय. शहाद्याजवळच्या पाड्यावरच्या माणसाला हे चित्र दाखवलं तर तो आधी ती बाई उभी राहून करतेय काय याचाच विचार करेल, आणि तो वेळ आजारातला खंड म्हणून मोजला जाईल. केळीचे घड ट्रकमध्ये भरतायत, पोळ्याचे बैल सजवतायत, आठवडी बाजारात मिरचीचा ढीग लागलाय, असं चित्र दिलं तर खंड पडेल तो खरोखर आजाराचा असेल.

गुटखाही यात येतो, हे लिहायला वाईट वाटतं. खाऊन खाऊन तोंड उघडेनासं झालेली तरुण मुलं आपल्याकडे आहेत. त्यांचे उच्चार बदलतात. सायकोसिसच्या काही औषधांनी जीभ जड होते, तोंड कोरडं पडतं. हे नोंदवून न ठेवता आवाज मोजला तर भलत्याच गोष्टीचं माप निघतं.

सगळ्यात मोठी गोष्ट मात्र वेगळी. अहिराणी बोलणारा माणूस डॉक्टरांसमोर बसला की पुस्तकी मराठी बोलायचा प्रयत्न करतो. शब्द शोधतो, अडखळतो, थोडक्यात उरकतो. घरी गेल्यावर भावाशी तोच धडाधड बोलतो. दवाखान्यातलं त्याचं 'कमी बोलणं' कितपत आजाराचं आणि कितपत भिडेचं? "तुले काय व्हयनं?" असं विचारणारं कुणी समोर असेल तर फरक लगेच दिसतो. आणि गावाच्या चालीरीतीही माहीत हव्यात. कानबाईच्या उत्सवात एखाद्या बाईच्या अंगात येतं, ती वेगळ्या आवाजात बोलते, थोड्या वेळानं शांत होते आणि दुसऱ्या दिवशी शेतात कामाला जाते. घरचे, शेजारचे कुणीच त्याला आजार म्हणत नाहीत, आणि डॉक्टरही म्हणत नाहीत. ज्याचं बोलणं त्याच्या स्वतःच्या माणसांनाही कळेनासं झालंय, ते वेगळं.

आवाज कुणाचा

ध्वनिमुद्रणातून नाव काढून टाकलं तरी आवाज ओळखू येतो. लहान गावात तर आवाजाची गरजच नाही, दोन वाक्यांतल्या तपशिलावरून घर कळतं. ज्या घरात मुलीचं लग्न ठरायचंय तिथं ही साधी बाब नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं पेशंटची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक केलंय आणि संशोधनासाठी त्याची समजून-उमजून दिलेली संमती मागितलीय. तुमच्याकडे किंवा तुमच्या नातेवाइकाकडे कुणी अशी संमती मागितली तर थेट विचारा: ध्वनिमुद्रण कुठं ठेवणार, कोण ऐकणार, परदेशात जाणार का, नंतर मन बदललं तर पुसता येईल का, आणि नकार दिला तर उपचार तसेच चालू राहतील ना. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'हो' असंच असायला हवं.

सहकार्य म्हणजे नुसतं देशांचं सहकार्य असं मी मानत नाही. ज्यांच्या घरात हा आजार आहे ती माणसं या कामात बरोबरीनं हवीत. आपल्या धुळ्याचे डॉ. जगन्नाथ वाणी कॅनडातल्या कॅल्गरी विद्यापीठात संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते. पत्नीच्या आजारपणातून त्यांनी स्किझोफ्रेनिया जवळून पाहिला आणि पुण्यातल्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनच्या उभारणीत पुढाकार घेतला. आकडेही समजणारा आणि घरातली रात्रही माहीत असलेला माणूस प्रश्न वेगळे विचारतो. बोलणं किती टक्के तुटलं यापेक्षा "आज ती माझ्याशी चहा पिताना दोन मिनिटं बोलली" हे घरच्यांना मोठं वाटतं, आणि मोजायला हवं ते हेच.

खानदेशात करण्यासारखं पहिलं काम स्वस्त आहे. आजारी नसलेल्या माणसांच्या अहिराणी, लेवा बोली, पावरी, भिली बोलण्याचा, वेगवेगळ्या वयाच्या आणि शिक्षणाच्या माणसांचा, संमतीनं घेतलेला नीट संग्रह. जळगाव आणि धुळ्याला सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, जळगावला विद्यापीठ आहे, बोलीचे जाणकार तालुक्यातालुक्यात आहेत. एवढा संग्रह असेल तर जगातल्या कुठल्याही गटाला आपली मापं इथं तपासून घ्यावी लागतील.

तोवर घरच्यांनी काय करायचं? आज कुठलंही मोबाईल ॲप बोलणं ऐकून सायकोसिसचं निदान करू शकत नाही, तसा दावा कुणी केला तर पैसे देऊ नका. सौम्य चिन्हं दिसणाऱ्या तरुणांपैकीही दोन-तीन वर्षांत साधारण चार-पाचांतल्या एकालाच सायकोसिस होतो, म्हणून घाबरून जायचं कारण नाही. पण थांबून राहायचंही नाही, कारण उपचार जितके लवकर सुरू होतात तितका फायदा जास्त. बोलणं कधीपासून बदललं, कसं बदललं, हे वहीत तारखेसह लिहा आणि त्याचीच दोन-चार वाक्यं जशीच्या तशी उतरवून घ्या. सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या नंबरवर चोवीस तास फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. तिथं गेल्यावर, केसपेपर काढतानाच सांगा की पेशंट घरी अहिराणी बोलतो, किंवा पावरी बोलतो, आणि त्याला त्याच्या बोलीत बोलू द्यावं. डॉक्टरांना ती येत नसली तरी नर्स, वॉर्डबॉय, आशाताई यांच्यात कुणाला तरी येतेच.